देवाच्या अंगणात सोंग आणावे काय?

वाचावयाचे पाठ : यहेज्केल ४, यहेज्केल १२ : १-१६, यहेज्केल ३३ : ३०-३३, २ शमुवेल १२ व १४, मत्तय ६ : १-६.



दिवाळी सरून थंडी पडू लागली म्हणजे जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांतील मंडळ्यांतून एक प्रश्न दरवर्षी आम्हांकडे येतो. तरुणसंघ व शाळेतील मुले नाताळासाठी नाटक बसवू इच्छितात. वडील माणसे म्हणतात की, प्रार्थनामंदिराच्या अंगणात तोंडाला रंग फासून सोंगे आणणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही. ज्यातून देवाने आम्हांस बाहेर काढिले त्यातच आम्ही पुन्हा शिरावे काय? तरुण म्हणतात की, ह्यात पाप ते काय, चार घटका करमणूक होते. उपदेशक बिचारा दोहोंच्या मध्ये सापडतो, आणि बहुधा ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होतो. आम्हांस दोन्ही पक्षांचे म्हणणे अपुरे वाटते. ह्यास्तव ह्या प्रश्नाचा शास्त्राच्या उजेडात विचार करावा म्हणून आज लिहीत आहोत.

प्रथम वडिलांचे म्हणणे घेऊ, कारण ते उगाच बोलत नाहीत. आमचा हा प्रांत तमाशाचा प्रांत आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील, मीना नदीच्या काठचे नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून साऱ्या महाराष्ट्रात ठाऊक आहे. पाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेसाठी सुपारी देतात, आणि मग रात्रीमागून रात्र कनातीच्या आत गण, गवळण, बतावणी व वग असा खेळ पहाटेपर्यंत चालतो. (त्याच नारायणगावाजवळ खोडद येथे आकाशातील ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणीच्या थाळ्या आहेत, एकूण ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एका बाजूस आकाश ऐकणारे कान व दुसऱ्या बाजूस ढोलकी, असे आमचे हे गाव आहे.) आमच्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांचे आजे-पणजे हलगी, ढोलकी व तुणतुणे घेऊन ह्याच वाटेने गेलेले आहेत. त्या वाटेवर दारू होती, कर्ज होते, नाचणाऱ्या स्त्रीवर पैसे उधळून तिची अब्रू विकत घेतली असे मानणारे पुरुष होते. ज्या आजीने आपल्या मुलीस त्या कनातीपासून दूर ठेवण्यासाठी आयुष्य वेचिले, ती आज नातीच्या पायात चाळ पाहून दचकली तर तिला कोणी हसू नये.

परंतु वडीलजनांनो, येथे थोडे थांबावे. त्या कनातीत पाप होते हे खरे. ते कोणाचे होते? सुपारी गावाने दिली. पैसे गावाने उधळले. रात्रभर गाव हसले, आणि सकाळी त्याच कलावंतांस वेशीबाहेर पाणी ओंजळीत वाढिले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ह्यांचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकिले आहे. त्यांचा जन्म १९३५ साली झाला. खेळ चालू असता त्यांस प्रसूतीच्या कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन नाळ दगडाने तोडून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकीकत साऱ्या महाराष्ट्रात सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. तरी त्यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. २००२ साली त्या वारल्या. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ही हकीकत ऐकून ज्याच्या तोंडून प्रथम ‘शी, तमासगीर!’ असे निघते, त्याने आपला तिरस्कार आपल्या नव्या जन्मातून आला की जुन्या गावकीतून आला, हे तपासून पाहावे. आमचा प्रभू कोणाच्या पंक्तीस बसत असे व त्याविषयी कोण कुरकुर करीत, हे तुम्हांस ठाऊक आहे. तमाशातील पापाचा त्याग करणे निराळे, आणि तमासगिराच्या लेकरास हलके मानणे निराळे. पहिल्यास शास्त्राचा आधार आहे, दुसऱ्यास नाही.

आता शास्त्राकडे वळू.

यहेज्केल संदेष्टा बाबेलच्या बंदिवासात, खबार नदीकाठच्या वस्तीत राहत होता. त्याचे लोक म्हणत, यरुशलेम पडणार नाही, आम्ही लौकर परत जाऊ. देवाने त्यास उपदेश करण्यास लाविले खरे, परंतु त्याआधी काय करावयास लाविले ते चौथ्या अध्यायात पाहा. एक वीट घे, तिजवर नगराचे चित्र काढ, तिच्याभोवती मोर्चे बांध, एक लोखंडी तवा घेऊन तो मधे भिंतीसारखा उभा कर, आणि तिला वेढा घाल. मग डाव्या कुशीवर नीज, उजव्या कुशीवर नीज. दिवस मोजलेले, ३९० व ४०. अन्न तोलून खा, पाणी मापून पी. बंधूंनो, हे काय आहे? विटेचे नगर, तव्याचा तट, आणि एक प्रौढ याजक सर्वांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर निजलेला. आमच्या गावातील पोरे त्यास पाहती तर ‘म्हाताऱ्याने खेळ मांडिला’ असेच म्हणती. बाराव्या अध्यायात तर तो आपले बिऱ्हाड बांधतो, संध्याकाळी लोक पाहत असता हाताने भिंतीस भोक पाडतो, गाठोडे खांद्यावर घेऊन, तोंड झाकून बाहेर पडतो. हे सोंग आहे. देवाने सांगितलेले सोंग आहे. आणि त्याचा हेतूही तेथेच कळतो : सकाळ झाली तेव्हा देवाने त्यास विचारिले की, तू हे काय करितोस असे ह्या लोकांनी तुला पुसले नाही काय? ज्यांचे कान बोथट झाले होते त्यांच्या तोंडून एक प्रश्न निघावा एवढ्यासाठी तो सर्व खटाटोप होता.

यिर्मया मानेवर लाकडी जू घालून हिंडला. अगबाने कैसरियात फिलिप्पाच्या घरी पौलाचा कमरपट्टा घेऊन आपलेच हातपाय बांधिले, आणि पुढे पौलास काय होणार ते दाखविले. तेव्हा ‘सोंग आणणे म्हणजे देवाविरुद्ध’ असे सरसकट म्हणणाऱ्याने आधी ह्या संदेष्ट्यांस मंडळीबाहेर घालावे लागेल.

आता तरुणांनो, तुम्ही टाळ्या वाजवू लागला असाल, तर पुढचा पाठ वाचा. त्याच यहेज्केलाविषयी तेहतिसाव्या अध्यायाच्या शेवटी देव काय सांगतो? लोक भिंतींपाशी व दारांपाशी उभे राहून एकमेकांस म्हणतात, चला, परमेश्वराचे वचन ऐकू. ते येतात, पुढे बसतात, ऐकतात; परंतु त्याप्रमाणे वागत नाहीत. त्यांच्या लेखी संदेष्टा म्हणजे गोड गळ्याचा, वाद्य सुरेख वाजविणारा कोणी गाणारा. पाहा, वीट, तवा, ३९० दिवस, सर्व झाले, आणि लोकांनी त्यातून काय घेतले? करमणूक! ‘पाप ते काय, चार घटका करमणूक होते,’ असे जे तुम्ही आपल्या नाटकाच्या बचावासाठी म्हणता, त्याच शब्दांत देवाने इस्राएलाचा दोष सांगितला आहे. तुमचे नाटक करमणुकीपलीकडे जाणार नसेल, तर वडील म्हणतात तेच बरे. चुली पेटवा, कापण्या तळा, गाणी म्हणा आणि निजा. नाटकाचा खर्च वाचेल.

ह्याहून खोल गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, आणि तिच्याकडे आमच्या उपदेशकांचे फारसे लक्ष जात नाही. बाराव्या अध्यायातील नाथानाची गोष्ट सर्वांस पाठ आहे : गरिबाची एकुलती एक मेंढी, धनवानाचा पाहुणा, दाविदाचा संताप, आणि मग तो मनुष्य तूच आहेस असे नाथानाचे बोट. ऐकणारा दुसऱ्याची गोष्ट ऐकत आहे असे समजत होता; ती त्याचीच निघाली. नाटकाचे खरे काम हेच. परंतु दोनच अध्याय पुढे दुसरे सोंग आहे. यवाबाने तकोवा येथून एका चतुर स्त्रीस बोलावून आणिले, तिला सुतकाची वस्त्रे नेसविली, अंगास तेल लावू नको म्हणून सांगितले, आणि तिच्या तोंडी शब्द घालून तिला राजापुढे उभे केले. तिने आपल्या दोन पुत्रांची रचलेली कथा सांगितली, रडली, राजाचे मन द्रवले. कला पाहाल तर तिची नाथानाहून सरस आहे. पण दावीद शहाणा होता. त्याने मधेच विचारिले, ह्या सर्वांत यवाबाचा हात आहे ना? होता. त्या अश्रूंच्या जोरावर अबशालोम परत आला. परत येऊन त्याने बापाविरुद्ध बंड केले. आणि ज्या यवाबाने हे सोंग रचिले त्यानेच शेवटी अबशालोमाच्या छातीत भाले खुपसले.

ह्यावरून प्रत्येक मंडळीने आपल्या नाटकास दाविदाचाच प्रश्न विचारावा : ह्यात कोणाचा हात आहे? ज्याने मांडवाचे पैसे दिले त्याचे नाव पडद्यावर ख्रिस्ताच्या नावाहून मोठे आहे काय? पंचांच्या निवडणुकीत ज्यांच्याशी वैर झाले त्यांस टोमणे मारण्यासाठी परुश्यांचा प्रवेश लांबविला आहे काय? मरीयेचे काम दरवर्षी उपदेशकाच्याच मुलीस, आणि मळ्यावर मजुरी करणाऱ्या विधवेचा मुलगा दरवर्षी मेंढरू! आम्ही असा एक मुलगा पाहिला आहे. घोंगडी पांघरून, गुडघ्यांवर रांगत, तो चार नाताळ मेंढरूच झाला. पाचव्या वर्षी तो आला नाही. तुम्ही सुवार्ता दाखविण्यासाठी नाटक बसविले आणि त्या मुलास तुमच्या मंडळीत त्याची जागा कोणती हे तेवढे पक्के दाखवून दिले.

आता आम्हांस ज्या गोष्टीची सर्वांत अधिक चिंता वाटते ती सांगतो. मागे दुःखसहनाच्या सप्तकात एका गावी आम्ही खेळ पाहावयास गेलो होतो. मुलांनी मेहनत पुष्कळ केली होती. परंतु कयफा व परुशी रंगमंचावर आले ते कसे? शेंडी, सोवळे, खांद्यावर जानवे, आणि नाकातून मंत्र म्हटल्यासारखे बोलणे. पिलातासमोर ‘वधस्तंभावर खिळा’ असे ओरडताना ते अधिकच नाकातून बोलू लागले, आणि लोक पोट धरून हसले. मंदिरास तेव्हा वीज नव्हती. शेजारच्या एका ब्राह्मण गृहस्थांनी आपल्या घरातून तार ओढू दिली होती. ते मागे उभे राहून पाहत होते. हसण्याच्या गदारोळात ते हळूच निघून गेले. तार मात्र त्यांनी काढून नेली नाही. उरलेला सर्व खेळ, खांबापर्यंत आणि कबरेपर्यंत, त्यांच्याच दिव्याखाली झाला.

हा दोष आमच्याच गावांत आहे असे नव्हे. जर्मनीतील ओबरामरगाऊ नावाच्या डोंगराळ गावी १६३३ साली मरीची साथ आली असता गावकऱ्यांनी नवस केला की, देवाने आम्हांस वाचविल्यास आम्ही प्रभूच्या दुःखसहनाचा खेळ करू. १६३४ साली त्यांनी तो प्रथम केला, आणि आजवर बहुधा दर दहा वर्षांनी सारे गाव मिळून तो करिते; २०२० चा खेळ कोरोनाच्या साथीमुळे लांबून २०२२ साली झाला. सुतार, हॉटेलवाला, गुराखी, सर्व त्यात कामे करितात. ऐकून कोणासही हेवा वाटावा. परंतु त्याच खेळात यहूदी लोक असे दुष्ट व लोभी रंगविलेले असत की, पाहणारा वधस्तंभापाशी रडे आणि घरी जाताना यहूद्यांचा द्वेष घेऊन जाई. १९३४ साली हिटलर तो पाहावयास आला आणि प्रसन्न होऊन गेला. पुढे काय झाले ते जगास ठाऊक आहे. त्या गावाने नंतर आपली संहिता बदलली, पुनःपुन्हा बदलली. त्यास फार वर्षे लागली. प्रभूच्या मरणाचा खेळ पाहून ज्यांच्या मनात शेजाऱ्याचा द्वेष उपजतो, त्यांनी तो खेळ मुळीच पाहिला नसता तर बरे झाले असते.

आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या अपमान सोसला आहे. रंगमंच हाती आला असता तो परत करावा असे वाटणे स्वाभाविक आहे, हे आम्ही जाणतो. सोंगाड्या वगात पाटलाची व सावकाराची खोड मोडी, आणि दुबळ्या माणसास तेवढाच आसरा होता. परंतु कयफाच्या वाड्यात ज्या परुश्याचे सोंग तुम्ही आणिता तो देवाच्या लोकांतील धार्मिक पुढारी होता. नियमाने प्रार्थना करणारा, शास्त्र जाणणारा, दशमांश देणारा. आज आमच्यात असा कोण आहे? पाळक आहे, पंच आहे, उपदेशक आहे. कयफाला सोवळे नेसवू नका. फार तर आमचा झगा मागून न्या. आम्ही देऊ.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू ज्यांस ढोंगी म्हणतो, त्यांच्यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ नाटकात काम करणारा असा होतो. कित्येक वडील हे वचन नाटकाविरुद्ध काढतात. परंतु प्रभूने तो शब्द नाटकगृहातील नटास लाविला नाही. सभास्थानात आणि चव्हाट्यावर लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणारास लाविला. नट उजाडता तोंड धुतो, आणि तो नट होता हे सर्वांस ठाऊक असते. रविवारी सकाळी जो मुखवटा चढतो तो धुवावयाचा राहून जातो.

मंडळीच्या इतिहासात हे काही नवे नाही, एवढे थोडक्यात सांगतो. युरोपात दहाव्या शतकात पुनरुत्थानाच्या उपासनेतच कबरेजवळचा देवदूत व सुगंधद्रव्ये घेऊन आलेल्या स्त्रिया ह्यांचा संवाद याजक करून दाखवीत. आसिसीच्या फ्रान्सिसाने १२२३ साली ग्रेच्यो गावी खरे गवत, खरा बैल व खरे गाढव आणून गव्हाणीचा देखावा मांडिला, कारण गरिबांस वाचता येत नव्हते. आणि आमच्या जवळ, अहमदनगरास, ज्या नगरास आता अहिल्यानगर म्हणतात, कृष्णराव सांगळे ह्यांनी व पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हरिदासांचे कीर्तन घेतले, टाळ-मृदंगासह घेतले, आणि त्यात ख्रिस्तचरित्र ओतले. आज ते ऐकून कोणाही वडिलांस संकोच होत नाही. मग ढोलकीचाच विटाळ का? मृदंग ब्राह्मणाच्या दिवाणखान्यातून आला म्हणून शुद्ध, आणि ढोलकी आमच्या आज्याच्या खांद्यावरून आली म्हणून अशुद्ध, असा तर हा हिशोब नाही ना?

आमचे तरुण आता शिक्षणासाठी पुण्यास जातात, नगरास १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी स्थापिलेल्या कॉलेजात जातात. तेथे संमेलनांत कामे करितात. पुण्यास पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका १९६३ पासून चालत आल्या आहेत, त्या पाहतात. असा एक तरुण आम्हांस म्हणाला, ‘साहेब, कॉलेजात मी उभा राहिलो तर लोक शांत होऊन ऐकतात. आपल्या मंडळीत मी शास्त्रपाठ वाचावयास उभा राहिलो तर काकू म्हणतात, आला नाटक्या.’ ह्या मुलास देवाने जे दिले आहे ते ठेवावयास मंडळीत एक कोनाडाही नसला, तर तो ते दुसऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवील, आणि मग आम्ही त्यास जगाने नेले म्हणून रडू.

बाकीचे सांगणे व्यवहाराचे आहे.

तालीम रात्री ठेवू नका. आमच्या दोन्ही तालुक्यांत उसात बिबट्या आहे. माणिकडोहास त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, तरी उसातले उसातच आहेत. मुले मळ्यावरून येतात. शाळा सुटल्यावर दिवसाउजेडी तालीम घ्या, नाही तर प्रत्येक मुलास घरी पोहोचविणारा मनुष्य आधी नेमा आणि मग नाटक नेमा. भाड्याचे पोशाख व रोषणाई ह्यांसाठी कर्ज काढू नका. योसेफ धोतरात व मेंढपाळ घोंगडीत आमच्या लोकांस अधिक ओळखू येतात. ज्याच्याकडे यहूदाचे काम जाईल त्यास खेळ संपल्यावर सर्वांसमोर नावाने हाक मारून जवळ बसवा. एका गावी ते काम केलेल्या गृहस्थास मरेपर्यंत ‘यहूदा’ म्हणत. त्यांच्या नातवंडांसही म्हणत. हेरोद बालके मारवितो तो प्रवेश घ्यावयाचा असेल तर त्या वर्षी मंडळीत कोणाचे लेकरू गेले आहे काय, हे आधी पाहा. हिंदू शेजारी कनातीमागे उभे राहतात. पुढे सतरंजीवर त्यांची जागा राखा.

आणि पुढच्या वेळी मरीयेचे काम विधवेच्या मुलीस मिळू द्या. तिला पाठ होत नसेल तर उपदेशकाच्या मुलीने तिचे पाठांतर घ्यावे.

राहिली ढोलकी. तुमच्या मंडळीत असा एखादा म्हातारा असेलच, ज्याने बाप्तिस्म्याच्या दिवशी ती माळ्यावर टाकिली आणि पुन्हा हात लाविला नाही. त्याने ते प्रभूवरील प्रीतीने केले. त्याची परवानगी न घेता ती खाली काढू नका. परंतु त्याच्याकडे जाऊन विचारा. मेंढपाळ बेथलेहेमास धावत निघतात त्या ठिकाणी वाजवाल काय, असे विचारा. तो नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या, आणि त्याच्या नाहीचा मान राखा. होय म्हणाला तर शाई वाळली असेल, पुडी बदलावी लागेल. ते काम करणारे कारागीर नारायणगावास आहेत, आणि नाताळास अजून पाच आठवडे आहेत.